प्रार्थना केली, पण मैत्रीण बरी झाली नाही. आता तिला काय लिहू?

मोहरीदाणा
जय ख्रिस्त, नमस्कार. चार वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी नगरची, शाळेत शिकवते. मागच्या वर्षी आमच्या मंडळीतले आम्ही नऊ जण केनियात किसुमूच्या पुढे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरच्या एका गावात अठरा दिवस सेवेला गेलो होतो. सकाळी मुलांना गाणी-गोष्टी, दुपारी शाळेच्या दोन खोल्या रंगवायच्या, संध्याकाळी घरोघर प्रार्थना. आमचं जेवण करायला तिथल्याच मंडळीतली एक बाई यायची, माझ्याच वयाची, चौतीस-पस्तीसची, पदरात नऊ वर्षांची मुलगी. मला स्वयंपाकघरात गेल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या शेजारीच. ती ओमेना निवडायची, आपल्या सुकटीसारखे बारीक वाळवलेले मासे, आणि मी चपात्या लाटायची. इंग्रजी दोघींचंही अडखळत, म्हणून छान जमलं. ती मला न्यार इंडिया म्हणायची, म्हणजे इंडियाची लेक.

पाचव्या रात्री तिला दुखायला लागलं. कंबर, मांड्या, छाती. भिंतीला धरून ती हळूहळू खाली बसली आणि मग बोलणंच बंद. मुलगी शांतपणे उठली, पाणी गरम करायला ठेवलं, पिशवीतून गोळ्या काढल्या, त्यावरून कळलं की हे त्या घरात नवीन नाही. तिला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आमच्या ग्रुपला कळलं तसे सगळे आले, डोक्यावर हात ठेवले आणि प्रार्थना सुरू केली, मोठ्याने, मराठीत, इंग्रजीत, तासभर. मीही केली, मनापासून केली. करू का म्हणून तिला कुणी विचारलं नाही. बाकीचे झोपायला गेल्यावर मी आणि तिची मुलगी गरम पाण्याच्या फडक्याने शेकत बसलो, पहाटे तीनच्या सुमारास तिचा डोळा लागला.

सकाळी ती चुलीपाशी उभी. रविवारच्या भक्तीत आमच्यातल्या एकांनी जाहीर केलं की प्रभूने आपल्या बहिणीला सिकलसेलमधून पूर्ण मुक्त केलं. सगळी मंडळी उभी राहून नाचली, तीही हसत उभी होती. व्हिडिओ काढला. परत आल्यावर तो आमच्या चर्चमध्ये साक्ष म्हणून दाखवला, मी पहिल्या बाकावर बसून होते आणि काही बोलले नाही.

दोन महिन्यांपूर्वी तिचा मेसेज आला. दवाखान्यात होती, रक्त चढवलं, आता घरी आहे. शेवटी एवढंच, तू अजून माझ्यासाठी प्रार्थना करतेस का. मी रोज करते. पण उत्तर दिलेलं नाही. दोन महिने झाले. काय लिहू तिला?

चुलीवरची
आधी फोन उचल आणि "हो, रोज करते" एवढंच लिही. बाकीचं आपण इथे बसून ठरवू.

नैरोबीत_वरणभात
चुलीवरचीला अनुमोदन. मी इथे चौदा वर्षं आहे, म्हणून एक सांगतो. इथे कुणी आजारी आहे म्हटलं की पहिला शब्द असतो "पोले". फार आजारी असेल तर "पोले साना". याचा अर्थ माफ करा असाही होतो आणि तुझ्या दुःखात आहे असाही होतो, आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही. तुम्ही नुसतं पोले साना लिहून पाठवलंत तरी त्या बाईंना तुम्ही जवळ बसल्यासारखं वाटेल. दोन महिने गप्प राहणं मात्र इथे फार लागतं हो. पैशाची मदत नाही केली तरी चालते, चौकशी नाही केली तर चालत नाही.

दुसरं म्हणजे तिथल्या लोकांना विश्वास शिकवायला आपण जातो असं कुणी मनात धरू नये. देशातली ऐंशी टक्क्यांहून जास्त माणसं ख्रिस्ती आहेत, किसुमूजवळच्या मासेनोला मिशनची शाळा १९०६ सालापासून आहे. तुमच्या मैत्रिणीची आजीसुद्धा कदाचित प्रार्थना करतच मोठी झाली असेल.

काटेकोर
मी नास्तिक आहे हे आधीच सांगतो, कुणाला दुखवायचं नाही. प्रार्थनेने आजार बरा होतो का याचा मोठा अभ्यास अमेरिकेत झालेला आहे. २००६ साली तो प्रसिद्ध झाला, सहा हॉस्पिटलं, बायपास झालेले १८०२ रुग्ण, तीन गट. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी नाही झाली, पण कुणालाच नक्की माहीत नव्हतं, अशा दोन गटांत काही फरक नाही, गुंतागुंत ५२ आणि ५१ टक्के. पण तिसऱ्या गटाला खात्रीने सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होतेय, त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के, म्हणजे जास्त. कारण नक्की सिद्ध नाही, पण एक अंदाज असा मांडला गेला की माणसावर बरं व्हायचं दडपण येतं.

तुमच्या पोस्टमधलं मला सगळ्यात खुपलं ते हेच. दुखणं अंगात घेऊन ती बाई सगळ्यांसमोर हसत उभी राहिली. का उभी राहिली असेल याचा विचार करा.

वसईकर_केळीवाला
काटेकोर, अभ्यास बरोबर आहे पण तिथे प्रार्थना करणारे लोक रुग्णांना ओळखत नव्हते, यादीतली नावं घेऊन करत होते. इथे ही बाई पहाटे तीनपर्यंत शेकत बसलीय. ही प्रार्थना कुठल्या गटात टाकणार?

आमच्याकडे कॅथलिकांत चमत्कार जाहीर करायला केवढा वेळ लावतात ते सांगतो. फ्रान्सच्या लूर्दला १८५८ मध्ये मरियेचं दर्शन झालं, तेव्हापासून लाखो आजारी तिथे जातात, आणि २०१८ पर्यंत चर्चने अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य केलेल्या केसेस फक्त ७०. डॉक्टरांची समिती असते, अनेक वर्षं फाईल उघडी ठेवतात, आजार परत उलटला नाही ना ते बघतात. आणि तुमच्याकडे गुरुवारी दुखलं नि रविवारी जाहीर? माझा आक्षेप प्रार्थनेवर नाही, त्या घाईवर आहे.

पाळकपुत्र
नावावरून कळेलच, माझे वडील पाळक होते, चाळीस वर्षं सेवा केली. घरात रोज कुणीतरी आजारी माणूस यायचं. वडिलांची रीत ठरलेली, आधी पाणी द्यायचे, मग विचारायचे, "तुमच्यासाठी काय मागू?" एकदा एक म्हातारे गृहस्थ कर्करोगाचे, सगळे धरून चाललेले की बरं होण्यासाठी मागणार, तर ते म्हणाले माझ्या धाकट्या भावाशी बोलणं नाहीये बारा वर्षं, त्याच्यासाठी मागा. वडिलांनी तेवढंच मागितलं.

येशूनेही बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडलेल्या माणसाला आधी विचारलं, तुला बरं व्हायचंय का. म्हणजे प्रत्यक्ष प्रभू विचारतो आणि आपण न विचारता चौदा हात डोक्यावर ठेवतो.

मोहरीदाणाताई, तुमच्यावर राग नाही. तरुण संघात असताना मीही हेच केलंय.

चुलीवरची
चौदा नाही, नऊ माणसांचे अठरा :) डोकं केवढंसं असतं हो माणसाचं.

पाऊलवाट
मी वारकरी, त्यामुळे तुमच्या रीती मला ठाऊक नाहीत, पण एक प्रश्न मोकळेपणाने विचारतो, राग नको. सेवाच करायची तर केनियाच का? सिकलसेल आपल्या नंदुरबारला, गडचिरोलीला, चंद्रपूरला घरोघर आहे. विमानाच्या तिकिटाच्या पैशात तिथे किती झालं असतं.

मोहरीदाणा
पाऊलवाट दादा, राग अजिबात नाही, हा प्रश्न माझ्या सासूबाईंनीही विचारला होता. केनियातल्या मंडळीने आमच्या पाळकांना बोलावलं होतं म्हणून गेलो, दोन्ही मंडळींचं जुनं येणंजाणं आहे, त्यांचे लोक पण नगरला येऊन गेलेत. पण खरं सांगते, सिकलसेल हा शब्द मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकला. तिने बोट वाकवून विळा दाखवला, रक्तातल्या पेशी अशा होतात म्हणाली. स्वाहिलीत त्याला सेलीमुंडू म्हणतात, मुंडू म्हणजे विळा. पोलिओ, टीबी सगळं माहीत होतं, पण माझ्याच राज्यात हा आजार आहे हे मला आफ्रिकेत जाऊन कळलं, याची लाज वाटते.

चुलीवरची, तुझं ऐकून काल रात्री "हो, रोज करते. पोले साना" एवढं पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही अजून.

सातपुडा_डोंगर
मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्य खात्यात लॅबचं काम करतो, वीस वर्षं सिकलसेलच्या टेस्ट करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हा आजार आईबापाकडून येतो. दोघांकडून एकेक दोषी जनुक आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर माणूस वाहक, त्याला सहसा काही त्रास नसतो. वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, हे १९५४ साली सिद्ध झालं. म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथेच हा दिसतो, व्हिक्टोरियाच्या काठावर तसा सातपुड्यातही. नगरच्या बाईंना किसुमूत भेटलेला आजार आणि माझ्या टेबलावरचा आजार यांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे.

पेशी विळ्यासारख्या वाकल्या की बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथे रक्त पोचत नाही, त्याच त्या कळा. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, अतिश्रम, यांनी कळा सुरू होतात. आणि आता नीट वाचा, कळा काही तासांत किंवा काही दिवसांत आपोआप ओसरतात. सकाळी पेशंट उठून चुलीपाशी उभा राहतो, पण आजार तिथेच असतो. तुमच्या ग्रुपचा गैरसमज नेमका इथे झालाय. खोटं बोलायचा हेतू नसेल कुणाचा, आजार माहीत नव्हता.

औषध आहे. हायड्रॉक्सियुरिया रोज घेतलं तर कळा कमी होतात, रक्त चढवायची वेळ कमी येते. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडात मुलांवर याचा अभ्यास झाला, २०१९ ला निकाल आले, कळा कमी झाल्या, मलेरिया कमी झाला, मृत्यूही कमी झाले. त्या बाई हे घेतात का ते विचारा. आणि मुलीची टेस्ट झालीय का? आई आजारी असेल तर मूल निदान वाहक असतंच.

कृष्णाकाठ
सातपुडा दादांनी फार छान समजावलं. मी मिरजेची, मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून निवृत्त झाले. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली ते सुरू केलं. आमच्या वेळी ऑपरेशन थिएटरात भूल द्यायच्या आधी प्रार्थना व्हायची, पेशंट हिंदू असो मुसलमान असो, त्याला विचारून. बरेच जण हो म्हणायचे, कुणी नको म्हणाले तर आम्ही मनात करायचो. पण प्रार्थना झाली म्हणून कुणी हात कमी धुतले नाहीत की टाका सैल घातला नाही.

मला हे दोन वेगळे रस्ते कधी वाटलेच नाहीत. ड्रिप लावताना शीर सापडत नसली की मी प्रभूचं नाव घ्यायचे आणि शीर शोधत राहायचे, दोन्ही एकाच वेळी.

मोहरीदाणा, ते गरम फडकं आठवतंय ना तुला? तू त्या रात्री नर्सचं काम केलंस बाळा. तेच तिला आठवत असेल.

नैरोबीत_वरणभात
औषधाचा विषय निघालाय तर एक गंभीर गोष्ट. २०२३ मध्ये इथे किलिफी भागात शाकाहोलाच्या जंगलात जे झालं ते तुम्ही वाचलं असेल. एका धर्मोपदेशकाच्या सांगण्यावरून लोकांनी उपास करकरून जीव दिले, चारशेच्या वर मृतदेह सापडले, त्यात लहान मुलं किती. तेव्हापासून माझ्या ऑफिसातले धार्मिक लोकसुद्धा "बरं करतो" म्हणणाऱ्यांना बिचकतात. तुमची मंडळी तशी मुळीच नाही हे दिसतंय. पण "पूर्ण मुक्त झाली" हे वाक्य ऐकून एखाद्या आईने घरी जाऊन मुलाच्या गोळ्या बंद केल्या तर? तो व्हिडिओ अजून कुठे फिरत असेल तर तो थांबवा, एवढी विनंती.

पाऊलवाट
व्हिडिओबद्दल सहमत. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ताई, पटलं. माणूस घरातली गोष्ट बघायला कधी कधी लांबून फिरून येतो.

चुलीवरची
सगळे फार गंभीर झालेत, जरा अवांतर. ताई, तिथे चपातीला काय म्हणतात?

मोहरीदाणा
चपातीच! स्पेलिंगसुद्धा तेच. फक्त त्यांची जाडसर आणि तेलात घडी घातलेली, आपल्या घडीच्या पोळीची थोरली बहीण. चहाला चाय. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबरी. दुकानाला दुका, गाडीला गारी, पैशाला पेसा. विम्याला बिमा म्हणतात हे ऐकून मी दहा मिनिटं हसत होते.

नैरोबीत_वरणभात
हे शब्द व्यापारी लोकांबरोबर गेले, आणि रेल्वेबरोबर आपली माणसंही गेली. मोंबासाहून किसुमूपर्यंतची रेल्वे बांधायला बत्तीस हजारांच्या आसपास मजूर हिंदुस्थानातून आणले होते, १९०१ साली रूळ किसुमूला पोचले, तेव्हा गावाचं नाव पोर्ट फ्लोरेन्स होतं. अडीच हजारांच्या आसपास मजूर त्या कामात मेले. चपाती मात्र अशी रुजली की आता इथल्या लग्नात चपाती नसेल तर वऱ्हाड रुसतं.

वसईकर_केळीवाला
म्हणजे वऱ्हाड सगळीकडचं सारखंच. धाग्यावर या रे.

पळसफूल
दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा, त्याला सिकलसेल आहे. चंद्रपूरकडचे आम्ही. त्याच्यासाठी आजवर कोण कोण प्रार्थना करून गेलं सांगू? सासूने देवीला नवस बोलला. शेजारच्या भाभीने दर्ग्याचा धागा आणला. बहिणीच्या ओळखीचे एक पास्टर आले, त्यांनी हात ठेवला. एकाने ताईत दिला. मी कुणालाच नाही म्हटलं नाही, आई नाही म्हणूच शकत नाही, आणि लोक हे समजून घेत नाहीत. तुम्ही येता, तासभर करता, रडता, मग आमच्या तोंडाकडे बघता. त्या बघण्यात प्रश्न असतो, झालं का बरं? मग मला आणि माझ्या लेकराला तुम्हाला खुश करावं लागतं. मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा एकदा त्या पाहुण्यांना म्हणाला, "आता नाही दुखत." ते गेल्यावर माझ्या कुशीत येऊन रडला, म्हणाला आई ते वाईट वाटून घेतील ना म्हणून सांगितलं.

तुमची मैत्रीण का हसत उभी होती, ते काटेकोर यांनी विचारलंय. मला माहितीये ती का हसत होती.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे नंतर कुणी परत येत नाही. बरा झाला असता तर सगळे आले असते, फोटो काढले असते. तो बरा नाही झाला, मग त्यांना आमच्या दारात यायला कसंसंच होतं. नवसवाली सासू तेवढी राहिली, कारण ती घरातच आहे. दर महिन्याला तीच त्याला घेऊन एसटीने तालुक्याला जाते.

ताई, तुम्ही दोन महिने लिहिलं नाही. मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले होते. पण तुम्ही इथे येऊन विचारलंत. तिच्याकडे परत गेलात तरी पुरे, तिला तेच हवं असेल.

कृष्णाकाठ
पळसफूल, बाळाला खूप आशीर्वाद. डोळे भरून आले.

काटेकोर
पळसफूल, माझ्या टक्केवारीपेक्षा तुमच्या चार ओळी जास्त सांगून गेल्या. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, मुलाचं प्रमाणपत्र काढलंय ना? नसेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, कागदपत्रांचं मी बघतो.

पळसफूल
काढलंय दादा, धन्यवाद. एसटीची सवलतही मिळते.

पाळकपुत्र
पळसफूलताईंचं वाचून मला माझ्याच लोकांना एक सांगावंसं वाटतंय. आपल्यात असा समज शिरलाय की बरं नाही झालं म्हणजे विश्वास कमी पडला. मग तो दोष कुणाच्या माथी? आजारी माणसाच्याच. आधी दुखणं, वर हा ठपका.

प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता, म्हणजे न हटणारा त्रास, तीनदा मागूनही निघाला नाही, हे आपल्याच शास्त्रात आहे. लांब कशाला, आपल्या पंडिता रमाबाई. इंग्लंडला डॉक्टर व्हायला गेल्या होत्या, कानाला कमी ऐकू यायला लागलं म्हणून ते शिक्षण सोडावं लागलं. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, १९०५ साली तिथे केवढं मोठं आध्यात्मिक जागरण झालं, शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थना करायच्या. रमाबाईंचे कान बरे झाले नाहीत. तशाच कानांनी त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

वसईकर_केळीवाला
हे आमच्या फादरांना पाठवतो, प्रवचनात घेतील. बांद्र्याच्या मोतमावलीला लोक मेणाचे हात-पाय वाहतात, ज्याचं जे दुखतं ते. माझी आई गुडघ्यासाठी दरवर्षी मेणाचा पाय वाहायची. गुडघा शेवटपर्यंत दुखला. एकदा विचारलं तर म्हणाली, अरे तिला दाखवून यायचं, दुसऱ्या कुणाला रोज रोज सांगणार? मला तेव्हा ते कळलं नव्हतं.

झाडाखालचा
मी जरा उलट बोलतो. सगळे मिळून प्रार्थनेला इतकं जपून करायला लावताय की उद्या कुणी करणारच नाही. माझ्या बहिणीला डॉक्टरांनी आशा सोडली होती, सबंध मंडळी सात दिवस उपास-प्रार्थनेत होती, ती आज दोन नातवंडांची आजी आहे. मी तो चमत्कारच मानतो आणि मरेपर्यंत मानणार. धीटपणे मागायला येशूनेच शिकवलंय. छप्पर उचकटून चौघांनी लुळ्या मित्राला येशूपुढे खाली सोडलं, त्यांनी कुठे आधी समिती नेमली?

मोहरीदाणा
झाडाखालचा दादा, तुमच्या बहिणीचं वाचून बरं वाटलं, आणि मीही चमत्कार मानते, नाहीतर रोज मागितलं नसतं. धीटपणे मागायचं हे खरंच. पण त्या चौघांनी मित्राला खाटेसकट उचलून आणलं होतं. आणि तो उठला नसता तर त्याची खाट तशीच उचलून घरी नेली असती ना? मी मैत्रिणीला उचलून नेलं आणि तिथेच ठेवून विमानात बसले.

पळसफूलताई, तुमची पोस्ट मी चार वेळा वाचली. तुम्ही चिडायला हवंच होतं.

झाडाखालचा
हं. खाट घरी न्यायची हे मी कधी धरलंच नव्हतं. बरोबर आहे तुमचं.

मोहरीदाणा
आठ दिवसांनी येतेय. बरंच झालंय, सांगते.

तिचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, व्हॉइस मेसेज, सहा मिनिटांचा, मागे कोंबडे ओरडतायत. मग मी लिहिण्याऐवजी फोनच केला. मी सगळं कबूल केलं, न विचारता प्रार्थना केली, तुझ्या नावाने खोटी साक्ष दिली गेली, मी गप्प बसले, मेसेज आला तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मला त्याच रविवारी माहीत होतं, उभी होते तेव्हाही मांडी ठणकत होती, पण तुम्ही सगळे इतके लांबून आला होतात, इतके आनंदात होतात. पळसफूलताई, तुमच्या लेकराने म्हटलं तेच, अगदी तेच. मला फोन धरवेना.

मी विचारलं, मग आता मी तुझ्यासाठी काय मागू. पाळकपुत्र दादांच्या वडिलांसारखं. ती लगेच म्हणाली, औषध मिळत राहू दे. हायड्रॉक्सियुरिया तिला लिहून दिलेलं आहे, कधी मिळतं कधी मिळत नाही, मिळालं तर पैसे नसतात. त्यामुळे मागणं मला कळलं आणि त्यातलं माझ्या हातात काय आहे तेही कळलं. आम्ही तिघी शिक्षिका मिळून दर महिन्याचं बघतोय, पैसे तिथल्या मंडळीच्या बाईंच्या मोबाईलवर जातात, त्या औषध घेऊन पोचवतात.

आमच्या पाळकसाहेबांना भेटले. भीत भीत गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, व्हिडिओ काढून टाकायला सांगितला आणि रविवारी मला भक्तीत पाच मिनिटं दिली. मी उभी राहिले, पाय कापत होते. म्हटलं, आपली बहीण बरी झालेली नाही, ती आजारी आहे, आणि ती तिथे चुलीपाशी उभी राहून आपल्यासाठी प्रार्थना करते. ज्यांनी तेव्हा जाहीर केलं होतं ते काका नंतर माझ्याकडे आले, म्हणाले मला खरंच वाटलं होतं गं. मला माहितीये की त्यांना खरंच वाटलं होतं.

सातपुडा दादा, मुलीची टेस्ट झालेली नव्हती. सोमवारी आहे.

सातपुडा_डोंगर
छान. वाहक निघाली तरी घाबरायचं कारण नाही, तिला नीट समजावून सांगायचं, पुढे लग्नाच्या वेळी उपयोगी पडतं. आणि आईला सांगा, पाणी भरपूर, पहाटेच्या गारव्यात सरोवरावर जाणं टाळायचं. ताप आला तर वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

चुलीवरची
आणि चपात्या लाटायला मुलीला लाव, आईला बसव.

मोहरीदाणा
लाटते ती, नकाशे काढते :) अजून एक राहिलं. फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, तुला हे सगळं कुणी सांगितलं. मी म्हटलं आमच्याकडे एक आई आहे, तिच्या मुलालाही सेलीमुंडू आहे. तर म्हणाली, त्याचं नाव सांग, मी त्याच्यासाठी करीन. पळसफूलताई, मी नाव सांगितलं नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय कसं सांगणार. चालेल का?

पळसफूल
रात्री मुलाला सांगितलं, आफ्रिकेत एक मावशी आहे, तिला तुझ्यासारखंच दुखतं, ती तुझ्यासाठी प्रार्थना करू का विचारतेय. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तिला पण असं पायात टोचल्यासारखं होतं का? मी म्हटलं हो. म्हणाला मग सांग माझं नाव. आणि तिला विचार तिच्या मुलीला क्रिकेट येतं का.

ताई, नाव व्यक्तिगत निरोपात पाठवलंय.

मोहरीदाणा
मिळालं. आज संध्याकाळी फोन आहे तिच्याशी, क्रिकेटचं विचारते.